काकूंच्या डब्यातलं माझं कार्ड

काकूंच्या ऑफिसात टेबल नव्हतं. समोरासमोर दोन खुर्च्या आणि भिंतीशी एक ड्रॉवरचं कपाट, बस्स. काकू चांगल्या पाच फूट दहा इंच उंच. समोर बसणाऱ्याला मान वर करून बोलावं लागू नये म्हणून त्यांनी आपल्या खुर्चीचे पाय दोन इंच कापून घेतले होते. मेन्टेनन्सचा माणूस कंपनीची खुर्ची कापायला तयार होईना, तेव्हा त्यांनी घरून करवत आणली आणि जेवणाच्या सुट्टीत जमिनीवर बसून स्वतःच कापली. ही गोष्ट पुढे प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगितली जायची.

त्या मूळच्या अमरावतीच्या. इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नमध्ये आज जिथे खिडक्या नसलेली डेटा सेंटर रांगेने उभी आहेत, तिथे तेव्हा आमची टेलिफोनची यंत्रं बनवणारी कंपनी होती, आणि काकू तिच्या एचआरच्या मुख्य होत्या. इथल्या मराठी मंडळातले लोक त्यांना काकू म्हणत, म्हणून ऑफिसातले अमेरिकन लोकही काकू म्हणायला लागले. ते त्यांचं आडनाव आहे असं त्यातल्या निम्म्यांना वाटायचं, आणि काकूंनी ते कधी दुरुस्त केलं नाही.

आपल्या मंडळातल्या जुन्या लोकांना काकू वेगळ्या कारणाने आठवतात. आपल्याच माणसांच्या नोकऱ्या घालवणारी बाई, अशी त्यांची आठवण निघते. ते खरं नाही. खरं काय ते पहिल्यापासून जाणणारी आता दोनच माणसं उरली आहेत. त्यातल्या एकीने न बोलायचं ठरवलं आहे. दुसरा मी.

काकूंच्या सवयी विचित्र होत्या, पण त्या प्रत्येकीमागे कुठल्या तरी माणसाचा चेहरा असायचा. मनगटावरचं घड्याळ त्या आतल्या बाजूला फिरवून बांधत, म्हणजे वेळ बघताना समोरच्याला कळू नये. टिश्यूचा डबा बाहेर ठेवू देत नसत. "डबा आधीच मांडला की माणसाला वाटतं, इथे रडायचं असतं. मग ते रडतं, किंवा न रडण्यात सगळी ताकद घालवतं." डबा ड्रॉवरमध्ये असायचा. तो कधी काढायचा हे त्यांना बरोबर कळायचं.

नोकरीवरून काढलेल्या माणसाला बाहेर न्यायला आमच्याकडे सिक्युरिटी गार्ड होते. काकू त्यांना बोलवत नसत. माणसाच्या वस्तूंचा खोका स्वतः उचलत आणि त्याच्याबरोबर गाडीपर्यंत चालत जात. खोका मागच्या सीटवर ठेवत, आणि गाडी पार्किंग लॉटमधून वळून दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभ्या राहत. थंडी असो, बर्फ असो. मी एकदा विचारलं, "काकू, इतका वेळ कशाला?"

"आलं तेव्हा फुलं देऊन आत घेतलं ना आपण त्याला? मग जाताना त्याची पाठ कोणीतरी बघायला नको?"

पण त्यांची खरी ओळख म्हणजे चकली. मंडळाचा कार्यक्रम असला की काकूंच्या हातात एक चकली असायचीच. गणपती असो, कोणाचं डोहाळजेवण असो. कारण हमखास कोणीतरी बाजूला यायचं: "काकू, आमच्या ह्यांचं प्रमोशन कुठे अडकलंय हो?" किंवा "लेऑफ आहे म्हणतात, खरं का?" तोंडातून प्रश्न पुरता बाहेर पडायच्या आत काकू चकली दाताखाली घेत. कडाड्‌ असा आवाज व्हायचा. मग त्या शांतपणे चावत राहायच्या, विचारणाऱ्याकडे प्रेमाने बघत, त्याला कंटाळा येईपर्यंत. "अरे बाप्पा, तोंडात घास असताना बोलू नये," एवढंच नंतर म्हणायच्या. बायका आपसांत हसायच्या, "काकूंची चकली म्हणजे कंपनीचं कुलूप आहे."

मला ती चकली कधी धरता आली नाही. सगळं त्यातूनच झालं.

एचआरमध्ये कोणी ठरवून येत नाही, असं काकूंचं ठाम मत होतं. "शाळेत कोणत्या पोराने निबंधात लिहिलंय, मी मोठेपणी लोकांना कामावर घेईन आणि काढीन?" त्या स्वतः रिसेप्शनवर होत्या. नवरा लवकर गेला, पदरात काही नाही, म्हणून दाराशी बसायची नोकरी धरली. एका सकाळी तीस माणसांना काढायचं होतं आणि ते काम ज्याचं, तो गृहस्थ बाथरूममध्ये कडी लावून बसला. बाहेर माणसं वाट बघतायत, आत हा रडतोय. काकूंनी दाराखालून यादी मागून घेतली आणि एकेकाला बोलावलं. संध्याकाळी वरच्या साहेबांनी विचारलं, हे तू कुठे शिकलीस? काकू म्हणाल्या, "शिकले नाही. फक्त मी बाथरूममध्ये गेले नाही."

त्यामुळे खात्यात येणाऱ्या प्रत्येकाला त्या पहिल्या दिवशी एक कोरं कार्ड आणि पेन्सिल देत. त्यावर लिहायचं: मी इथे कसा आलो. कार्डं त्या एका निळ्या पत्र्याच्या डब्यात ठेवत. बटर बिस्किटांचा तो डबा आपल्या प्रत्येक घरात असतो आणि त्यात बिस्किटं कधीच सापडत नाहीत. मला काही कार्डं वाचायला मिळाली होती. एक बाई फायली लावायला दोन आठवड्यांसाठी आली होती, ती सव्वीस वर्षं राहिली. एक जण सैन्यात आचारी होता. दोनशे माणसांना रोज काहीतरी न आवडणारं वाढायची सवय होती, म्हणून हे जमेल असं त्याला वाटलं. एक पियानो शिकवायची, तिचे विद्यार्थी संपले.

"आवडीने आलेल्याला मी घेत नाही," काकू म्हणायच्या. "हे काम आवडणाऱ्या माणसाची मला भीती वाटते."

माझ्या कार्डावर मी लिहिलं: मला माणसांमध्ये काम करायला आवडतं.

खरं असं होतं. मी टेस्टिंगमध्ये इंजिनियर होतो. प्रोजेक्ट बंद झालं आणि काकूंनी मला त्या बुटक्या खुर्चीसमोर बसवून सांगितलं की माझी नोकरी संपली. माझं ग्रीन कार्ड झालेलं होतं, पण घरी दोन लहान मुलं, बायकोला नोकरी नाही. मी रडलो. थोडंथोडकं नाही, हुंदके देऊन. ड्रॉवरमधून टिश्यूचा डबा निघाला. "काहीही द्या काकू," मी म्हणालो, "फायली लावतो." त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. खात्यात एक जागा रिकामी होती.

माझं कार्ड वाचून त्या म्हणाल्या, "हे तर प्रत्येक अर्जात असतं. असू दे. खोटं चालेल. पण खातं सोडून जाशील त्याआधी दुरुस्त करून जा. म्हणून तर पेन्सिलीने लिहून घेते."

पेन्सिलीचा त्यांचा नियम सगळीकडे होता. कोणाची तक्रार असो, चौकशी असो, समोरचा जे बोलेल ते त्या पेन्सिलीने वहीत उतरवून घेत आणि शेवटी त्याला वाचून दाखवत. "तू म्हणतोस, असं असं झालं. बरोबर लिहिलंय?" कितीतरी लोक त्या क्षणी म्हणायचे, नाही, थांबा, तसं नाही. मग काकू रबराने खोडत आणि पुन्हा लिहीत. मला त्यांनी शिकवलेली ही पहिली गोष्ट. "वाचून दाखवलं की माणसाला एकदा मागे फिरता येतं. एकदा तरी तेवढी जागा द्यावी."

दुसरी गोष्ट त्यांनी मला खोलीबाहेर काढून शिकवली. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर एका माणसाला काढायला बसलो होतो. त्याचा चेहरा पडलेला बघून मी म्हणालो, तुम्हाला काय वाटतंय ते मला कळतंय. काकूंनी हात वर केला आणि मला सरळ बाहेर जायला सांगितलं. नंतर म्हणाल्या, "तुला कसं कळेल? तू नोकरीत आहेस."

मी त्यांच्या हाताखाली चार वर्षं काम केलं. मग ती यादी आली.

अकरा नावं. त्यातले सहा व्हिसावर होते. तेव्हा व्हिसा नोकरीला बांधलेला असायचा. नोकरी सुटली की दुसऱ्या दिवशी तुम्ही या देशात कोण, हाच प्रश्न. काकू आठवडाभर व्हाइस प्रेसिडेंटच्या केबिनमध्ये जाऊन बसत होत्या. शेवटी त्यांनी कबूल करून घेतलं: अकरा जणांना मंगळवारी सांगायचं, पण कागदावर सगळे आणखी तीन महिने नोकरीत राहणार. तीन महिन्यांत माणूस दुसरी नोकरी शोधून व्हिसा तिकडे नेऊ शकतो. अट एकच. मंगळवारपर्यंत एक शब्द बाहेर जाता कामा नये, नाहीतर करार रद्द. आमच्या खात्यात हे दोघांनाच माहीत होतं, काकूंना आणि मला.

यादीत तिसरं नाव सुहासचं होतं. सुहास माझा मित्र. त्याची बायको मेधा आणि माझी बायको एकत्र भाजी आणायला जात, त्यांची तन्वी आणि आमची मुलं एकमेकांच्या घरी झोपत.

रविवारी दुपारी एकांकडे पॉटलक होतं, प्रत्येक घरातून एकेक पदार्थ. सुहास मला शोधत डेकवर आला. हातात रंगांच्या दुकानातली कार्डं होती, जांभळ्याच्या सात छटा. गुरुवारी त्याच्या नव्या घराचं क्लोजिंग होतं, म्हणजे खरेदीच्या शेवटच्या सह्या.

"यार, यातला कुठला सांग. तन्वीला जांभळी खोली हवी आहे. मेधा म्हणते, हा फार गडद आहे."

मी कार्डांकडे बघत राहिलो. माझ्या हातातल्या प्लेटमध्ये सगळं होतं, पुरी, श्रीखंड, बटाट्याची भाजी. चकली नव्हती.

"सुहास," मी म्हणालो, "क्लोजिंग पुढे ढकल."

"का रे? व्याजाचे दर उतरणार आहेत का?"

"ढकल ना."

"अरे, गुरुवारी सह्या आहेत. असं कसं..." तो हसत होता. मग त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू जागच्या जागी राहिलं. "मी आहे का?"

मी प्लेटकडे पाहिलं. त्याने ती सात कार्डं एकावर एक नीट लावली, पत्त्यांसारखी, आणि शर्टाच्या खिशात ठेवली. आतून मेधा हाक मारत होती, "अहो, पुऱ्या गार होतायत."

आज मी स्वतःला वकिलासारखे सगळे मुद्दे देऊ शकतो. मी यादीबद्दल चकार शब्द काढला नाही. मी फक्त घराबद्दल बोललो. आपल्यात एवढं सांगतात. आपला माणूस खड्ड्यात पाय टाकतोय हे दिसत असताना श्रीखंड कोण खाईल? त्या वेळी मला ते गुपित फोडणं वाटलंच नाही. ते मला आपलेपण वाटलं.

सोमवारी सकाळी आठला सुहास थेट व्हाइस प्रेसिडेंटच्या केबिनमध्ये गेला. विनवण्या केल्या, मुलीचं सांगितलं, घराचं सांगितलं. कुठून कळलं असं विचारल्यावर त्याने माझं नाव घेतलं नाही. म्हणाला, आमच्या लोकांतून कळलं.

आमच्या लोकांतलं त्या खात्यात कोण होतं? काकू आणि मी.

दहा वाजता आम्हाला बोलावलं. लांब टेबल, त्याच्या पलीकडे व्हाइस प्रेसिडेंट आणि कंपनीची वकील. काकूंनी खुर्ची बाजूला घेतली आणि मांडीवर वही उघडली. व्हाइस प्रेसिडेंटने आधी माझ्याकडे पाहिलं. "तू कोणाला सांगितलंस का?"

माझ्या डोळ्यांसमोर माझी मुलं होती, घराचा हप्ता होता, आणि त्या बुटक्या खुर्चीसमोर बसून दिलेले हुंदके होते. मी म्हणालो, "नाही."

काकूंनी ते लिहिलं. पेन्सिलीचा आवाज मला ऐकू आला. मग त्यांनी वही थोडी वर उचलली आणि माझ्याकडे बघून, इंग्रजीत, नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तू म्हणतोस, तू कोणाला सांगितलं नाहीस. बरोबर लिहिलंय?"

त्यांनी ते घाईने विचारलं नाही. थांबल्या. वकिलीणबाईंनी वर पाहिलं इतका वेळ थांबल्या.

मी म्हणालो, "हो. बरोबर."

काकूंनी वही मिटली. "मग राहिले मी," त्या म्हणाल्या.

करार तिथल्या तिथे रद्द झाला. तीन महिने गेले. सगळ्यांना त्याच दिवशी बाहेर काढायचं ठरलं. शिक्षा मला द्या पण त्यांचे महिने ठेवा, म्हणून काकू बारापर्यंत भांडत होत्या. कोणी ऐकलं नाही. शेवटी त्यांनी एकच गोष्ट मागितली: गार्ड नकोत, मी सोडून येते. ती मिळाली. दुपारभर त्या पार्किंग लॉटमध्ये जात-येत होत्या. अकरा खोके, अकरा गाड्या. सुहासचा खोका त्यांच्या हातात होता तेव्हा तो त्यांच्याकडे बघतही नव्हता. गाडी वळेपर्यंत त्या वाऱ्यात उभ्या होत्या.

चार वाजता त्या स्वतःचा खोका घेऊन निघाल्या. वर तो निळा डबा होता. मी धावत गेलो आणि खोक्याला हात घातला.

"नको," काकू म्हणाल्या. "तू नोकरीत आहेस."

मी खिडकीतून पाहिलं. त्यांना सोडायला कोणी गेलं नाही.

सुहासला दुसरी नोकरी मिळाली नाही. दीड महिन्याने ते तिघं नागपूरला निघाले. जायच्या आधी तो माझ्याकडे आला. "तुझं नाव मी काढलं नाही. मेधालाही सांगितलं नाही," तो म्हणाला. "काकूंवर आलं तर येऊ दे. यादी तर त्यांनीच केली होती ना?" माझ्यावर उपकार केल्याच्या समाधानात तो गेला. मी थँक्यू म्हणालो.

मंडळात गोष्ट पक्की झाली: काकूंनी यादी केली, काकूंनी तीन महिने घालवले, आणि वर माणसांवर पहारा ठेवल्यासारख्या गाडीपर्यंत गेल्या. पुढच्या संक्रांतीला त्यांच्या घरी तिळगूळ घेऊन कोणी गेलं नाही. मीही गेलो नाही. वर्षभरात त्या टेक्ससला, फ्रिस्कोला, भाचीकडे राहायला गेल्या. काही वर्षांनी त्यांच्या जागेवर मी बसलो. ती खुर्ची मी बदलून घेतली, कारण तिच्यावर बसलं की समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागायचं.

गेल्या वर्षी मंडळाने शनिवारी दुपारी लायब्ररीच्या हॉलमध्ये मुलांसाठी करिअरच्या गप्पा ठेवल्या होत्या. मला बोलायला सांगितलं, कारण एवढी वर्षं एचआरमध्ये काढलेला दुसरा म्हातारा इथे नाही. मी माझं नेहमीचं सांगितलं. इंजिनियर होतो, पण मला माणसांमध्ये काम करायला आवडतं, म्हणून खातं बदललं. टाळ्या पडल्या. मग माझ्या शेजारी बसलेली मुलगी उठली. तीसच्या आसपासची, अलीकडेच अ‍ॅशबर्नला आलेली. मी तिला ओळखलं नव्हतं.

"काकांचं रीझन खूप नोबल आहे," ती म्हणाली. "माझं नाहीये. मी एचआरमध्ये आले कारण मला एका बाईसारखं व्हायचं नव्हतं. आय वॉज सेव्हन. बाबांची नोकरी गेली, इथेच, याच गावात. ती बाई आपलीच होती, मराठी. तिने बाबांचा खोका हातात घेतला आणि गाडीपर्यंत आली, गाडी जाईपर्यंत उभी राहिली, लाइक ही वॉज अ थीफ. मला सेकंड ग्रेड अर्धी सोडून नागपूरला जावं लागलं. बाबा गेले तोपर्यंत ते तो पार्किंग लॉट विसरले नाहीत. सो मी ठरवलं, मी हे काम करीन, आणि नीट करीन."

पहिल्या रांगेत मेधा बसली होती. केस पूर्ण पांढरे झालेले. ती मान डोलावत होती, आणि तिच्या मागच्या जुन्या लोकांच्याही माना डोलत होत्या.

कार्यक्रम संपल्यावर तन्वी माझ्यापाशी आली. "काका, तुम्ही बाबांचे फ्रेंड ना? तुम्ही त्याच कंपनीत होतात. त्या बाईंना ओळखायचात?"

"थोडंसं," मी म्हणालो.

गाडीत बसल्यावर मला कळलं: वहीतली ती ओळ मी तिसऱ्यांदा कायम केली होती.

फ्रिस्कोला जायला मी पुढे सात महिने लावले. काकू आता नव्वदीला आल्यात. भाचीने दार उघडलं आणि मला मागच्या खोलीत नेलं. समोरासमोर दोन खुर्च्या होत्या. मध्ये काही नाही.

"बस," काकू म्हणाल्या. "टेबल नाही, सवय आहे तुला."

हातात चकली होती. दात गेलेत, म्हणून ती चहात बुडवून धरलेली. मी पाठ करून गेलो होतो ते सुरू केलं. "काकू, तेव्हा मुलं लहान होती, आणि माझी परिस्थिती..." काकूंनी चकली तोंडात घातली आणि माझ्याकडे प्रेमाने बघत चघळायला लागल्या. मी थांबलो. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबलो. शेवटी म्हणालो, "सुहासला मी सांगितलं होतं."

चकली बशीत गेली. "काय सांगितलंस? नेमके शब्द सांग."

"क्लोजिंग पुढे ढकल."

काकूंनी बशी बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, "मंगळवार कोणी ठरवला होता?"

"तुम्ही."

"का?"

मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी तो प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता.

"वरचे लोक शुक्रवार म्हणत होते. शुक्रवारी काढलं की शनिवार-रविवारी आरडाओरडा होत नाही. पण मेधा माझ्याकडे टेप मागायला आली होती, नव्या घराच्या पडद्यांचं माप घ्यायला. गुरुवारी सह्या आहेत म्हणाली. म्हणून मी भांडून मंगळवार करून घेतला. सहीच्या दोन दिवस आधी त्याला कळलं असतं. आणि वर तीन महिने मिळाले असते." त्यांनी घड्याळ मनगटाच्या आत फिरवलं. "तुझ्या सांगण्याची गरजच नव्हती रे."

 मी विचारलं, "मग तुम्ही लोकांना का सांगितलं नाहीत? निदान मला तरी का बोलला नाहीत?"

"ऑफिसातलं होतं ते. आणि तुला वाचून दाखवलं होतं ना?" काकू म्हणाल्या. "त्यापुढे आणखी काय करायचं असतं?"

त्यांनी पलंगाखालचा निळा डबा काढायला सांगितला. माझं कार्ड सापडायला वेळ लागला नाही. पेन्सिल आणि रबर त्यांनी आधीच हाताशी ठेवलं होतं. मी खोडलं आणि लिहिलं: मला नोकरीवरून काढत होते. मी रडलो, म्हणून काकूंनी मला घेतलं.

"खाली जागा आहे," काकू म्हणाल्या. "का टिकलास तेही लिही."

मी लिहिलं: यादी मी फोडली. विचारलं तेव्हा नाही म्हणालो. माझी नोकरी राहिली, काकूंची गेली.

त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि कार्ड मला परत दिलं. डबाही मला ठेवायला दिला. "हे कार्ड मला कशाला? मला पाठ आहे. भाची इंटरनेटवर तुमचा तो कार्यक्रम लावून बसली होती. ती पोर चांगली बोलली. माझ्यासारखं व्हायचं नाही म्हणते, तिला नेऊन दे."

पुढच्या रविवारी दुपारी मी तन्वीच्या घरी गेलो. मेधाही होती. मी डब्यातून कार्ड काढून तन्वीच्या हातात दिलं. नागपूरच्या शाळेत शिकल्यामुळे तिला मराठी वाचता येतं. तिने आधी मनात वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने, एकेक शब्द वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

"काका, बरोबर वाचलं मी?"

मी तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"हो," मी म्हणालो. "बरोबर."

मग मी उरलेलं सांगितलं. मंगळवार, पडद्यांची टेप, तीन महिने, गार्ड नकोत म्हणून घातलेली अट. मेधाने एकच विचारलं. "तुम्हीच फोडलंत, हे ह्यांना माहीत होतं?"

"हो."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. तो बंद झाला नाही. मी थोडा वेळ बसलो आणि उठलो. थांबा असं कोणी म्हटलं नाही, म्हणायला नकोच होतं.

दारात बूट घालताना मी डबा खाली ठेवला होता. तो उचलायला वाकलो तर तन्वीने तो आधीच हातात घेतला होता. ती पायऱ्या उतरली आणि माझ्याबरोबर ड्राइव्हवेच्या टोकापर्यंत चालत आली. मागचं दार उघडून तिने डबा सीटवर ठेवला.

"काका, त्या हॉलमध्ये सगळे होते," ती म्हणाली. तिचा आवाज कडक होता. "मी सगळ्यांसमोर बोलले. आता ते दुरुस्त कोण करणार?"

म्हणून हे मंडळाच्या अंकासाठी लिहून दिलं आहे.

मी गाडी सुरू केली. आरशात ती दिसत होती, हाताची घडी घालून, बिनस्वेटरची. कोपऱ्यावर पोचलो तेव्हा मला वाटलं, गेली असेल आत. गाडी वळेपर्यंत ती तिथेच उभी होती.